घोडा बघायचाय की जत्रा?

पत्र नांदेड जिल्ह्यातून आलंय, एका निवृत्त शिक्षकांचं. वय ६१. घरात दोन पिढ्यांपासून घोडी आहे. वडील माळेगावच्या यात्रेत घोड्यांचे व्यवहार करायचे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताला घोडेस्वारीतल्या ड्रेसाज या प्रकारात सांघिक सुवर्ण मिळालं, ते टीव्हीवर पाहिल्यापासून असली स्पर्धा एकदा डोळ्यांनी बघायचीच, असं त्यांच्या मनात आहे. यंदा, २०२६ मध्ये, ११ ते २३ ऑगस्ट या काळात जर्मनीतल्या आखेनला घोडेस्वारीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आहे. टूरवाल्याने माणशी चार लाखांच्या पुढचा आकडा सांगितला. पुण्यातला मुलगा म्हणतो, "पैसे भरा आणि निवांत जा, नाहीतर मोबाइलवर बघा." पत्नी म्हणते, "दारात घोडी बांधलेली असताना घोडी बघायला तिकडं कशाला जायलेत?" इंग्रजी बोलायची सवय नाही, साखरेच्या गोळ्या चालू आहेत, गुडघे कुरकुरतात, पक्के शाकाहारी, त्यात श्रावण. तेरा वर्षांची नात संभाजीनगरला घोडेस्वारी शिकते आणि इंग्रजी फाडफाड बोलते. तिला दुभाषी म्हणून न्यावं का, आणि मुळात आमच्यासारख्याचं तिथं निभेल का, असं त्यांनी विचारलंय.

गुरुजी, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इंग्रजी, गुडघे, पथ्य, पैसे या सगळ्यावर तुम्ही लिहिलंत. तिथे जाऊन नेमकं काय बघायचंय, यावर मात्र एक ओळ नाही. "स्पर्धा बघायची", एवढंच. माळेगावला जाणाऱ्या माणसाला असं उत्तर देऊन चालत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. यात्रेत दोन तऱ्हेची माणसं येतात. एक येतो पाळण्यात बसायला, जिलेबी खायला, गर्दीत हिंडायला. दुसरा गर्दी जमायच्या आत, उजाडताना येतो, दावणीतून घोडा सोडायला लावतो आणि तो चालताना बघतो. तुमचे वडील दुसऱ्यातले असणार. टूरवाल्याने दिलेला कार्यक्रम मात्र पहिल्यासाठी आहे: तेरा दिवस, रोज स्टेडियम, मधे शहरदर्शन.

म्हणून तेरा दिवस ही पहिली गोष्ट सोडून द्या. आखेनला सहा प्रकार होणार आहेत: ड्रेसाज, अडथळ्यांवरून उड्यांचं शो जम्पिंग, इव्हेंटिंग, चार घोड्यांच्या गाडीचं ड्रायव्हिंग, धावत्या घोड्यावरच्या कसरतींचं व्हॉल्टिंग आणि अपंग स्वारांचं पॅरा ड्रेसाज. सगळं बघायला निघालात तर चौथ्या दिवशी डोळे उघडे राहतील, पण दिसणार काही नाही. एक प्रकार पूर्ण बघा, दुसऱ्याचा एखादा दिवस घ्या. प्रवास धरून आठ-नऊ दिवसांत हे बसतं. टूरवाल्याचा आकडाही याच टप्प्यावर आपोआप खाली येईल.

तुम्हाला ड्रेसाज आवडलं ते पडद्यावर. साठ बाय वीस मीटरच्या मैदानात घोडा तोल सांभाळत जवळजवळ नाचतो आणि स्वाराचा हात हललेलाही दिसत नाही. सुंदर आहेच. पण माझ्या मते तुमचा प्रकार इव्हेंटिंग. त्यात तोच घोडा आणि तोच स्वार तीन परीक्षा देतात: ड्रेसाज, मग मोकळ्या रानातून ओढे, उतार, लाकडी अडथळे ओलांडत क्रॉस-कंट्री, आणि शेवटी शो जम्पिंग. क्रॉस-कंट्रीच्या दिवशी प्रेक्षक एका खुर्चीला बांधलेला नसतो. दोरीच्या अलीकडून रानभर हिंडायचं, पाण्याच्या अडथळ्यापाशी उभं राहायचं. घोडा पाण्यात उडी घेण्याआधी कान कसे टवकारतो, हे चार हातांवरून दिसतं.

आणि एक गोष्ट अशी आहे की ती कुठल्याही टूरच्या कागदावर नसते. इव्हेंटिंगमध्ये स्पर्धेआधी, आणि क्रॉस-कंट्री झाल्यावर शेवटच्या उड्यांआधी पुन्हा एकदा, पंचांसमोर घोड्यांची तपासणी होते. खोगीर नाही, काही नाही. कडक जमिनीच्या सरळ पट्टीवरून लगाम हातात धरून घोडा आधी चालवत नेतात, मग दुडकीवर पळवत आणतात. पंच आणि जनावरांचे डॉक्टर फक्त पाय बघतात. मान एका पायावर झुकते का, टाप एकसारखी वाजते का. लंगडला तर घोडा बाद, मग तो कितीही कोटींचा असो. ओळखीचं वाटलं ना? माळेगावला सौद्याआधी जे होतं तेच हे, फक्त इथे माणसं टाय लावून उभी असतात. ही तपासणी बऱ्याच स्पर्धांत प्रेक्षकांना बघू देतात. तिकिटं काढण्याआधी वेळापत्रकात तिची वेळ शोधा आणि त्या दिवशी आखेनमध्ये असाल असं बघा. सरावाच्या रिंगणाचंही तसंच. मुख्य मैदानात घोडा पाच-सात मिनिटं दिसतो, सरावाच्या रिंगणाशेजारी उभं राहिलात तर अर्धा-पाऊण तास.

आता नातीबद्दल. तिला दुभाषी म्हणून नेऊ नका. तेरा वर्षांच्या पोरीवर विमानतळ, हॉटेल, औषधाचं दुकान असं सगळं टाकलं तर ती सहल तिच्या डोक्यावरचं ओझं होईल. त्या कामाला मोबाइलमधलं भाषांतर पुरतं. पण ती घोडेस्वारी शिकतेय म्हणून नेत असाल, तर जरूर न्या. त्या तपासणीच्या पट्टीपाशी तुम्हीच तिचे दुभाषी असाल. डावा पुढचा पाय हलका टाकतोय, हे तिच्या क्लासमध्ये तिला अजून कुणी दाखवलं नसेल. मात्र तिला आधी विचारा. ऑगस्टमध्ये शाळेची चाचणी असते, आणि आजोबांना नाही म्हणणं मुलांना जड जातं.

ती येणार असेल तर आई-वडील दोघांची नोटरी केलेली संमती लागेल, व्हिसाच्या अर्जावर त्यांच्या सह्या लागतील आणि शाळेचं रजेचं पत्रही. शेंगेन व्हिसाची, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाची, फी ९० युरो आहे. लहान मुलांची सवलत बाराव्या वाढदिवसाला संपते, त्यामुळे तिचीही पूर्ण फी धरा. युरो सध्या शंभर रुपयांच्या वर आहे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी फेब्रुवारीच्या मध्यापासून. नियमात शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची असली तरी तिच्यावर विसंबू नका. निर्णयाला एरवी पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत ताणू शकतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. मार्च-एप्रिल गाठा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः मुंबईला किंवा पुण्याला जावं लागेल. मुलगा पुण्यात आहे, तेव्हा तेच सोयीचं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने हवी आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. पासपोर्ट, पेन्शनचे कागद आणि बँक पासबुक यांवरची नावं आजच शेजारी ठेवून बघा. आपल्याकडे एका कागदावर 'राव' असतो, दुसऱ्यावर नसतो, आणि हे ऐनवेळी कळतं.

अर्जासोबत तुम्ही परत येणार हे दिसायला हवं. पेन्शनचा आदेश, आयकर विवरणपत्रं, बँकेचे व्यवहार, सातबाऱ्याची इंग्रजीत भाषांतर केलेली प्रत, आणि स्वतःच्या शब्दांतलं एक पानभर पत्र. त्यात घोडीबद्दल, वडिलांबद्दल, इव्हेंटिंगबद्दल सरळ लिहा. एक करू नका: खात्यात शिल्लक दिसावी म्हणून मेव्हण्याकडून तीन लाख आणून अर्जाच्या आठवड्यात भरू नका. अशी अचानक आलेली रक्कम तपासणाऱ्याला पहिल्या नजरेत दिसते. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं विमानाचं तिकीटही काढू नका. जर्मनीने नकारावर फेरविचार मागायची सोय जुलै २०२५ पासून बंद केलीय. नकार आला तर नवा अर्ज, नवी फी. कोर्टाची वाट आहे, पण ती आपल्यासारख्यासाठी नव्हे.

राहण्याची एक गंमत सांगते. आखेन अगदी सीमेवर आहे. बेल्जियम आणि नेदरलँड्स हाकेच्या अंतरावर. स्पर्धेच्या दिवसांत आखेनची हॉटेलं महागतात, मग कुणीतरी सुचवतं की बेल्जियममधल्या लिएजला किंवा नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला राहा, स्वस्त पडेल. पडेल खरं. पण व्हिसा सहसा ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा असतो. जर्मनीचा व्हिसा मागून सगळ्या रात्री बेल्जियममधल्या दाखवल्या तर अर्ज तिथेच अडकू शकतो. त्यापेक्षा कोलोनला राहा. आखेन रेल्वेने तासाभरावर आहे, कोलोनमध्ये हॉटेलं भरपूर आणि भारतीय जेवणही मिळतं.

नांदेडहून निघताना एक दिवस हातात ठेवा. देवगिरी असो की वंदे भारत, गाडीतून उतरून थेट विमानात बसायचा हिशेब करू नका. युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि यात भलेभले फसतात. तिकिटावर १३ तारीख, रात्रीचे दीड असेल तर विमानतळावर १२ च्या रात्री जायचं. तेराला संध्याकाळी पोहोचलात तर विमान केव्हाच गेलेलं असेल. फ्रँकफर्ट विमानतळाला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे, तिथून कोलोन साधारण तासाभरात. आपल्याकडे आरक्षित तिकीट म्हणजे बर्थ. तिथे तिकीट वेगळं आणि जागेचं आरक्षण वेगळं. आरक्षण केलं नाही तर तिकीट असूनही उभं राहावं लागतं, आणि तुमचे गुडघे आहेत. शिवाय उतरायच्या दिवशी एकाच ठरावीक गाडीला बांधलेलं स्वस्त तिकीट घेऊ नका. विमान लेट झालं तर ते वाया जातं. जर्मन गाड्या वेळेवर असतात ही जुनी गोष्ट झाली, आता त्यांनाही आपलं वारं लागलंय.

रविवारी पोहोचू नका. मी एकदा अशीच रविवारी संध्याकाळी एका जर्मन गावात उतरले. सगळी दुकानं कुलूपबंद. मला वाटलं गावात काही दंगल-बिंगल झालीय. तिथे रविवारी किराणा दुकानं कायद्यानेच बंद असतात, स्टेशनवरची तेवढी उघडी. त्या रात्री पिशवीतल्या शेंगदाण्याच्या चटणीवर आणि विमानात वाचवलेल्या पावावर काढली.

चटणीवरून आठवलं. ती न्या, दशम्या न्या, भाजलेले शेंगदाणे न्या. पण दशम्या दुधातल्या नकोत आणि तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे. पेढे टोपलीत जातात आणि वर दंडही होऊ शकतो. जेवताना 'ओनं फ्लाइश' म्हटलं की 'मांसाशिवाय' हे कळतं, पण तेवढ्यावर मासे आणि अंडी सुटत नाहीत. म्हणून 'मांस, मासे, अंडी खात नाही' असं जर्मनमध्ये एका कार्डावर छापून घ्या. पाणी मागितलं तर बहुतेकदा सोड्यासारखं बुडबुड्यांचं येतं, म्हणून 'स्टिल' म्हणा. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात नाणी लागतात आणि आत पाणी नसतं. छोटी बाटली जवळ ठेवा, बाकी तुम्ही समजून घ्याल. श्रावण १३ ऑगस्टला लागतो, पहिला सोमवार १७ ला. बटाट्याचे तळलेले काप मैदानावर मिळतील, केळी कुठेही मिळतील. त्या तेलात आधी काय तळलंय हे मात्र विचारू नका, किंवा विचारायचंच असेल तर त्या दिवशी केळ्यांवर राहा. आणि हो, १२ ऑगस्टच्या संध्याकाळी जर्मनीतून मोठं खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. आपल्याकडे दिसणार नाही. घरच्यांनी पंचांगावरून हरकत घ्यायच्या आत तुम्हीच सांगून टाका.

साखरेच्या गोळ्या मूळ पाकिटातच, हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चिठ्ठीवर कंपनीचं नाही, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतोच, पण आधीपासून असलेला आजार त्यात धरलाय का हे वाचून घ्या. बऱ्याच पॉलिसींत तो धरलेला नसतो. मधुमेह लपवून पॉलिसी घेतलीत तर दाव्याच्या वेळी तोच कागद तुमच्या विरोधात जाईल. क्रॉस-कंट्रीच्या दिवशी भरपूर चालणं होतं. आत्तापासून रोज संध्याकाळी कॅनॉलच्या कडेने चालायला लागा, आणि ज्या बुटांत चालाल तेच घेऊन जा.

पण हे बूट घोडीच्या तबेल्यात कधीही घालायचे नाहीत. हा मुद्दा मी सगळ्यात गंभीरपणे सांगतेय. आपल्याकडच्या घोड्यांना ग्लँडर्स, सर्रा यांसारखे आजार होतात, आणि बाहेरचे देश आपल्या घोड्यांना सहज आत घेत नाहीत. हांगझोऊला सुवर्ण मिळवणाऱ्या सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांचे घोडे युरोपातलेच होते. मेरठच्या लष्करी केंद्रात घोड्यांसाठीचा रोगमुक्त विभाग २०२५ मध्ये जागतिक पातळीवर मान्य झालाय, तेव्हा कुठे दार किलकिलं होतंय. तुमच्या बुटाला लागलेली लीद घेऊन तुम्ही घोड्यांच्या स्पर्धेला जाऊ नये, इतकंच. कपडे धुतलेले, बूट नवे किंवा घासून धुतलेले.

मैदानावरचे रिवाज लवकर कळतात. ड्रेसाज चालू असताना टाळी नाही, बोलणं नाही, मोबाइल मुका. स्वाराने शेवटचा सलाम केला की मग हवं तेवढं. पाऊस कधीही येतो, पण छत्री उघडू नका. मागच्याला दिसत नाही आणि पुढून जाणारा घोडा बुजतो. रेनकोट न्या. आणि गुरुजी, खिशातला गुळाचा खडा घरी ठेवा. तुमच्यासारख्याचा हात घोडा दिसला की आपोआप खिशात जातो, मला माहीत आहे. तिथे परक्या घोड्याला काहीही भरवायचं नाही, हातही लावायचा नाही. या घोड्यांची उत्तेजक चाचणी होते आणि चॉकलेटमधला एक घटकसुद्धा त्यांच्या निषिद्ध यादीत आहे. तुमच्या प्रेमापायी कुणाचं पदक जायला नको.

मुलाचं म्हणणं, मोबाइलवर बघा. ते अगदीच टाकाऊ नाही. जाण्याआधी महिनाभर रोज अर्धा तास इव्हेंटिंग बघा, नियम कळतील. जमलं तर पुण्याला किंवा मुंबईला एखादी छोटी स्पर्धा प्रत्यक्ष बघून या, नातीच्या क्लासवाल्यांना तारखा माहीत असतील. तिथे दोन तासांत कंटाळलात तर चार लाख वाचले असं समजा. पुढच्या वर्षीचाही पर्याय आहे. आखेनला एरवी दरवर्षी उन्हाळ्यात मोठी स्पर्धा भरतेच, कागदपत्रं यंदा जमली नाहीत तर जिवाचा आटापिटा करू नका.

तुमच्या पत्नीचं वाक्य मला पत्रातलं सगळ्यात खरं वाटलं. दारात घोडी आहे, आणि ऑगस्टमध्ये ती कोण बघणार? तुम्ही लिहिलं नाहीत, पण उत्तर बहुधा त्याच असणार. पावसाळ्यात चावऱ्या माश्या वाढतात, त्यांच्यातूनच सर्रा पसरतो. सोयाबीन फुलोऱ्यात असेल, फवारणीला माणूस लागेल. "मी जाऊ का?" हा प्रश्न त्यांना विचारण्याआधी या दोन कामांची सोय करून दाखवा. जनावरांच्या डॉक्टरांना जुलैअखेर घोडी दाखवून ठेवा, त्यांचा नंबर भिंतीवर लिहा, गड्याची मजुरी आगाऊ द्या. मग विचारा. त्याही येते म्हणाल्या तर मला आश्चर्य वाटणार नाही. तेव्हा हिशेब तिघांचा करा.

तिथे पोहोचलात की एक गोष्ट नजर ठेवून बघा. माळेगावला आपण अंगावरच्या केसांचे भोवरे बघतो, गळ्यावरचा शुभ भोवरा म्हणजे देवमण बघतो, चारी पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी असेल तर दोन पैसे जास्त मोजतो. आखेनचे हानोव्हेरियन, होल्स्टायनर घोडे बघताना भोवऱ्यावर कुणी बोट ठेवणार नाही. तिथे मागचा पाय पोटाखाली किती आत येतो ते बघतात. तुम्हाला पटो न पटो, नातीशी यावर भांडण झालं पाहिजे.

परत आल्यावर ते बूट घासून धुवा, उन्हात वाळवा, अंगावरचे कपडे थेट धुवायला टाका. घोड्यांचा फ्लू असाच कपड्या-हातांवरून घरी येतो. दोन दिवस घोडीजवळ जाऊ नका. तुमचा आवाज ऐकून ती खिंकाळेल, दावं ताणेल, तरी लांबूनच बोला. गुळाचा खडा तिसऱ्या दिवशी.